डक्ट बदलण्याआधी हवा मोजा

जयपुरात होळी जवळ आली की गच्चीवरच्या कूलरची ताडपत्री निघते आणि त्याबरोबर घरमालकाला वाईट बातमीही मिळते. कूलरपासून खोल्यांपर्यंत गेलेल्या पत्र्याच्या डक्टला खालून भोके पडलेली असतात, सांध्यांतून गंज ओघळलेला असतो, एखाद्या वळणात कबुतरांनी संसार थाटलेला असतो. मिस्त्री वर चढतो, दोन ठिकाणी ठोकून बघतो आणि निकाल देतो, "सब गल गया है साब, पूरा बदलवा लो." पूरा म्हणजे किती रुपये, असे विचारले की एक आकडा सांगतो. दुसरा मिस्त्री त्याच्या दीडपट सांगतो, तिसरा निम्मा.

बदली होऊन इथे आलेली मराठी कुटुंबे या ठिकाणी गोंधळतात. नागपूर-अकोल्याच्या माणसाला कूलर शिकवावा लागत नाही, पण त्याचा कूलर बहुधा खिडकीला टेकलेला. पुण्या-मुंबईकडच्यांनी डक्ट पाहिलेला असतो तो ऑफिसच्या छतात, आणि त्याचे बिल दुसऱ्या कोणीतरी भरलेले असते.

तिन्ही मिस्त्री खोटे बोलत असतील असे नाही. एकाने पातळ पत्रा धरला असेल, दुसऱ्याने जाड. एकाने जुना डक्ट काढण्याची मजुरी धरली, दुसऱ्याने नाही. तिसऱ्याने कदाचित डक्टच लहान केला असेल, आणि हे सगळ्यात महागात पडते. कारण डक्टचा खर्च ठरतो पत्र्याच्या क्षेत्रफळावर, क्षेत्रफळ ठरते आकार आणि लांबीवर, आणि आकार ठरतो खोल्यांना किती हवा हवी यावर. म्हणून सुरुवात हवेपासून करायची. भाव विचारायचा तो शेवटी.

खरेच सगळे सडले आहे का?

पहिली गोष्ट म्हणजे 'पूरा' या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. गच्चीवरचा डक्ट आणि घरातला डक्ट एकाच वयाचे असले तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते. गच्चीवरचा पावसात भिजतो, उन्हात तापतो, अंधडात, म्हणजे धुळीच्या वादळात, हलतो. घरातला, विशेषतः कूलरपासून लांबचा, पत्रा पंधरा वर्षांनीही धडधाकट सापडतो. बहुतेक घरांत खरी सड कूलरच्या तोंडापासूनच्या पहिल्या आठ-दहा फुटांत असते.

असे का होते ते समजून घ्यायला हवे, नाहीतर नवा डक्टही तसाच जाईल. मेच्या दुपारी तीन खोल्यांना पुरेल एवढी हवा गार करणारा कूलर तासाला साधारण ३० लिटर पाणी हवेत सोडतो. दहा तासांचे ३०० लिटर. पाणी उडून जाते, त्यातले क्षार उडत नाहीत. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी धरले तरी दिवसाला १५० ग्रॅम क्षार कूलरच्या टाकीत आणि पॅडवर साचतात. बोअरचे पाणी याहून जड असेल तर त्याच प्रमाणात जास्त. पॅड फाटले असेल किंवा पंखा गरजेपेक्षा जोराने ओढत असेल तर या खारट पाण्याचे तुषार हवेबरोबर डक्टमध्ये शिरतात आणि तळाशी साचतात. जस्ताचा थर त्याच जागी आधी जातो. तेव्हा डक्ट बदलताना पॅड बदलणे, टाकीतले पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकणे आणि शक्य असेल तर टाकीसाठी बोअरऐवजी बिसलपूर धरणाचे नळाचे पाणी वापरणे, हे त्याच खर्चाचा भाग समजा. आठवड्याला टाकी कोरडी केली की डासांच्या अळ्यांचाही प्रश्न सुटतो. डेंग्यूच्या मोसमात कूलरच्या टाक्या हे डासांचे आवडते ठिकाण.

तपासणीला मिस्त्री लागत नाही. अमावास्येच्या आसपास, रात्री गच्चीवरचे दिवे बंद करा आणि डक्टच्या आत जाळीतून एक जोरदार टॉर्च किंवा वायरचा दिवा सोडा. जिथून उजेड बाहेर येतो तिथून हवाही बाहेर जाते. खडूने खुणा करा. मग पंखा चालू करून सांध्यांजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर ज्या सांध्यापाशी फटकन बाजूला फेकला जातो तो सांधा गळका. शेवटी पेचकसाच्या टोकाने खालचा पत्रा दाबून पाहा. टोक आत गेले तर तो तुकडा संपला. नुसता वरून लाल दिसतो पण टणक आहे, तर तो घासून, झिंकचा रंग देऊन आणखी काही उन्हाळे काढू शकतो.

उजेड फक्त सांध्यांतून दिसत असेल तर डक्ट बदलू नका, सांधे बुजवा. अमेरिकेत एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या सांगण्यानुसार सामान्य घरातल्या डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते, आणि तिथले डक्ट आपल्यापेक्षा बरे बसवलेले असतात. सांधा साफ करून त्यावर डक्ट सीलंट लावायचा, वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. कापडी टेप जयपूरच्या उन्हात एक हंगामही टिकत नाही. ती गुंडाळून पैसे घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हे काम दोन माणसांचे एका दिवसाचे आहे आणि पूर्ण डक्टच्या खर्चाच्या छोट्या अंशात होते. ते करून पाहिल्याशिवाय मोठ्या खर्चाकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हवा किती, डक्ट केवढा

आता समजा गच्चीवरचा भाग खरोखरच गेला आहे. जुना डक्ट ज्या मापाचा होता त्याच मापाचा नवा करणे सोपे वाटते, पण जुने माप बरोबर होते याची खात्री काय? अनेक घरांत एका खोलीसाठी बसवलेल्या डक्टला पुढे फाटे फोडत तीन खोल्या जोडलेल्या असतात.

हिशेब अवघड नाही. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा. १२ बाय १४ ची, १० फूट उंचीची खोली १,६८० घनफुटांची. अशा तीन म्हणजे ५,०४० घनफूट. कूलरच्या थंडाव्यासाठी खोलीतली हवा तासाला २० ते ४० वेळा बदलावी लागते. ३० धरू. ५,०४० गुणिले ३०, भागिले ६० मिनिटे, म्हणजे मिनिटाला २,५२० घनफूट हवा. कूलरवर हा आकडा कधी सीएफएममध्ये (म्हणजे मिनिटाला घनफूट), कधी घनमीटर प्रति तास असा लिहिलेला असतो. १ सीएफएम म्हणजे १.७ घनमीटर प्रति तास. आणि तो आकडा डक्ट न जोडता, मोकळ्या हवेत काढलेला असतो हे लक्षात ठेवा. लांब डक्ट आणि दोन-तीन वळणे जोडली की तो बराच खाली येतो.

घरच्या कूलरच्या मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला १,२०० फुटांच्या आसपास असावा. त्याहून फार वाढला तर आवाज होतो, पंख्यावर ताण येतो, विजेचे बिल वाढते. २,५२० भागिले १,२०० म्हणजे २.१ चौरस फूट. १८ बाय १८ इंचांचा डक्ट २.२५ चौरस फुटांचा होतो, तो पुरे. पहिल्या खोलीचा फाटा निघाल्यावर उरलेल्या १,६८० सीएफएमला १८ बाय १२ पुरतो, आणि शेवटच्या खोलीकडे जाणारा १२ बाय १२. शेवटपर्यंत १८ बाय १८ ओढणारा मिस्त्री तुमचा पत्रा वाया घालवतो, शिवाय पहिल्या खोलीच्या जाळीतून हवा कमी निघून शेवटच्या खोलीत सगळी जाते. पहिल्यापासून १२ बाय १२ ओढणारा पत्रा वाचवतो आणि तुमच्या घरात शिट्टी बसवून देतो.

आकाराबद्दल आणखी एक. चौकोनी डक्ट स्वस्त, चपटा महाग. १८ बाय १८ चा परीघ ६ फूट. तेवढेच आतले क्षेत्र ३६ बाय ९ मध्ये बसवले तर परीघ साडेसात फूट, म्हणजे पत्रा २५ टक्के जास्त. खाली छताची उंची कमी असेल तर चपटा करावाच लागतो, पण गच्चीवर चपट्या डक्टचे काहीही कारण नाही. तो दिसायला नीटस दिसतो, एवढेच.

गेजचे गौडबंगाल

पत्र्याची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २६ गेज म्हणजे अर्धा मिलिमीटर, २४ म्हणजे ०.६३, २२ म्हणजे ०.८. डक्टसाठीच्या आयएस ६५५ या भारतीय मानकात ७५० मिलिमीटरपर्यंतच्या बाजूच्या डक्टला ०.६३ मिलिमीटर, म्हणजे २४ गेज, पत्रा सांगितलेला आहे. घरचे जवळपास सगळे डक्ट याच मापात येतात. घराच्या आत २६ गेज चालवून घेता येईल. गच्चीवर २४ च्या खाली जाऊ नका, आणि कूलरच्या तोंडाशी पहिल्या आठ फुटांना २२ घेतला तर तो वाढीव पैसा सत्कारणी लागेल.

गेज ओठांवर २४ आणि हातात २६ असे पुष्कळदा होते. ओळखायला वजन हे सोपे साधन. २४ गेजचा एक चौरस फूट पत्रा अर्ध्या किलोला थोडा कमी, सुमारे ४७० ग्रॅम भरतो. २६ गेजचा सुमारे ३७५. २२ चा ५९० च्या पुढे. मिस्त्रीकडून कापलेला एक फूट बाय एक फूट तुकडा मागून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. त्याला राग आला तर काम दुसऱ्याला द्या. जाडीबरोबर जस्ताचा थरही विचारा. तो जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम. १२० जीएसएम हा चालू माल. गच्चीवरच्या भागाला याहून जाड थराचा पत्रा मिळाला तर घ्यावा. गंजाशी लढतो तो हा थर. लोखंड जाड असून त्याचा उपयोग उशीर करण्यापुरताच.

पत्रा कुठून येतो हेही पाहून ठेवावे. जयपुरात पत्रा कापून, वाकवून देणारे कारखाने विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात आणि बाईस गोदामच्या भागात आहेत. कूलरच्या दुकानदाराकडून डक्ट घेतला तरी तो बऱ्याचदा अशाच ठिकाणी बनतो. माप पक्के असेल तर थेट तिथे जाऊन भाव काढता येतो. निदान दुकानदाराशी बोलताना हाताशी एक आकडा राहतो.

बिल कसे वाचायचे

भाव देताना काही जण 'रनिंग फूट' सांगतात, काही 'स्क्वेअर फूट'. रनिंग फूट म्हणजे डक्टच्या लांबीचा एक फूट. १८ बाय १८ च्या रनिंग फुटात सहा चौरस फूट पत्रा असतो आणि १२ बाय १२ च्या फुटात चार. दोघांना एकच रनिंग भाव लावला असेल तर लहान डक्टवर तुम्ही जास्त देत आहात. म्हणून नेहमी चौरस फुटाचा भाव मागा आणि परीघ गुणिले लांबी हा हिशेब स्वतः करा.

वरच्या तीन खोल्यांचेच उदाहरण पुढे नेऊ. १८ बाय १८ चा २० फूट डक्ट म्हणजे १२० चौरस फूट. १८ बाय १२ चा १४ फूट म्हणजे ७०. १२ बाय १२ चा, खोल्यांत उतरणारे तुकडे धरून, २४ फूट म्हणजे ९६. बेरीज २८६, वळणे आणि जोड धरून ३०० म्हणू. २४ गेजने याचे वजन १४० किलोच्या आसपास.

आता दर. खालचे दर मी हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. तुम्हाला मिळालेले दर त्या जागी घाला. पत्रा, घडणावळ आणि बसवणे मिळून चौरस फुटाला १२० रुपये धरले तर ३०० चौरस फुटांचे ३६,०००. तीन जाळ्या प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४,५००. कूलर आणि डक्ट यांच्यामधला कॅनव्हासचा जोड आणि प्रत्येक फाट्यावर हवा कमी-जास्त करणारे डॅम्पर, ३,०००. लोखंडी अँगलचे आधार ४,०००. जुना डक्ट काढून खाली उतरवणे ४,०००. हे झाले ५१,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ९,२७०, म्हणजे ६०,७७०. भिंतीतली भोके नीट करायला गवंडी आणि रंगारी, ५,०००. एकूण ६५,७७०. आणि जुन्या डक्टचे भंगार: १३० किलोला ३० रुपयांनी ३,९००. ते वजा केले की ६१,८७०.

या हिशेबात पत्र्याची किंमत किती, हे पाहा. १४० किलो पत्रा किलोला ८५ रुपयांनी धरला तर १२,००० च्या आत. म्हणजे साठ हजारांच्या कामात कच्चा माल पाचव्या हिश्शाचा. त्यामुळे २६ ऐवजी २४ गेज घेतल्याने बिल फारसे वाढत नाही, आणि पत्र्यात कंजूषपणा करून विशेष काही वाचत नाही. वाचते ते लांबी कमी करण्यात. कूलर गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यातून उचलून खोल्यांच्या मधोमध आणला तर पंधरा फूट डक्ट सहज कमी होतो, आणि त्या प्रत्येक फुटामागे सहा चौरस फुटांचा खर्च वाचतो. नळ आणि वायर ओढायला लागणारा पैसा यापेक्षा बराच कमी असतो. नवीन डक्टचा विचार करणाऱ्याने सगळ्यात आधी हा प्रश्न विचारावा, आणि तो मिस्त्रीकडून कधीच येणार नाही.

भंगाराचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तो लेखी ठरवा. न बोलता जुना पत्रा टेम्पोत जातो आणि नंतर मागायला संकोच वाटतो.

भाव कागदावर घेताना डक्टची मापे, गेज, जस्ताचा थर, सांध्यांत रबरी पट्टी आहे की नाही, जुना काढणे आणि भोके बुजवणे कोणाकडे, एवढे लिहून घ्या. मोजमाप काम झाल्यावर प्रत्यक्ष डक्टवर होईल, अंदाजावर नाही, हेही. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका. उरलेले पैसे हवा मोजून द्या. वाऱ्याचा वेग मोजणारे हातातले ॲनिमोमीटर आता स्वस्त मिळते. जुन्या डक्टवर प्रत्येक जाळीपुढे वेग टिपून ठेवा आणि नव्यावर त्याच जागी पुन्हा घ्या. तिन्ही खोल्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ यावेत म्हणून डॅम्पर फिरवून देणे हे मिस्त्रीचेच काम आहे.

गच्ची, पट्टी आणि पतंग

जयपूरच्या घरांचे काही खास पेच आहेत. परकोटात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, आणि इतर जुन्या वस्त्यांत कित्येक छते दगडी पट्ट्यांची असतात. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड दगडाच्या पट्ट्या टाकलेल्या. अशा छतातून डक्ट खाली उतरवायला भोक पाडू देऊ नका. मधोमध कापलेली पट्टी भार घेत नाही. डक्ट भिंतीच्या बाहेरून उतरवून रोशनदानातून, म्हणजे छताजवळच्या झरोक्यातून, आत घ्यावा. दोन वळणे वाढतील, थोडा पत्रा वाढेल, तरी ते स्वस्तच. परकोट २०१९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे बाजाराकडच्या दर्शनी भिंतीवर पत्रा लावण्याआधी नगर निगममध्ये चौकशी करून घ्या. मागच्या चौकाच्या बाजूने वाट मिळत असेल तर हा प्रश्नच येत नाही.

डक्ट गच्चीवर टेकवू नका. फूटभर उंच ठेवला तर खालून झाडता येते, पाणी साचत नाही, खालून गंजत नाही. आधार गच्चीत भोक पाडून नव्हे, तर वजनदार चौथऱ्यावर घ्यावेत, नाहीतर पावसाळ्यात छत गळायला लागेल. पण ते घट्ट हवेत. मे-जूनच्या अंधडात सैल डक्ट उचलला जातो. उतार थोडासा कूलरकडे ठेवला की आत शिरलेले पाणी परत टाकीत जाते. प्रत्येक उघड्या तोंडाला पक्ष्यांची जाळी हवी. आणि मकरसंक्रांतीला अख्खे जयपूर पतंग घेऊन गच्चीवर असते. त्या दिवशी पोरे डक्टवर चढणारच. जिथून येण्याजाण्याची वाट आहे तिथे डक्टवरून लोखंडी पायरी करून घेतली तर पुढच्या उन्हाळ्यात चेपलेला डक्ट बघावा लागणार नाही. माकडांचा वावर असलेल्या भागात प्लास्टिकच्या लवचिक नळीचा डक्ट गच्चीवर टाकूच नये.

इन्सुलेशन : एकाला ऐच्छिक, दुसऱ्याला सक्तीचे

मिस्त्री कूलरच्या डक्टवर इन्सुलेशन लावायला सांगतात आणि त्याचा भाव डक्टच्या निम्म्यापर्यंत जातो. कूलरच्या डक्टमधून हवा भरपूर वाहते, त्यामुळे उघड्या पत्र्यानेही ती एखाद-दोन अंशांपेक्षा जास्त तापत नाही. बाहेरून पांढरा परावर्तक रंग दिला की त्यातलाही बराच भाग वाचतो. आतल्या डक्टला तर इन्सुलेशनची गरजच नाही. कूलरची हवा इतकी गार होत नाही की पत्र्याला बाहेरून घाम यावा.

एसीच्या डक्टचे गणित उलटे. तिथे टनामागे फक्त ४०० सीएफएमच्या आसपास हवा असते आणि ती १३-१४ अंशांपर्यंत गार. तीन टनांच्या एसीचा ४० फूट उघडा डक्ट गच्चीवरून नेला तर ढोबळ हिशेबाने एक टनाएवढा गारवा उन्हातच जातो. आणि पावसाळ्यात घरातल्या डक्टवर पाणी धरून पीओपीवर पिवळे डाग पडतात. म्हणून एसीच्या डक्टला नायट्राइल रबर किंवा तत्सम इन्सुलेशन आतबाहेर सगळीकडे हवे, सांध्यांवरही. एसीचा डक्ट बदलताना पत्र्यापेक्षा खोटे छत फोडून पुन्हा करणे आणि रंगकाम यांचाच खर्च वरचढ होतो. तो छतवाल्याकडून वेगळा काढून घ्या. कूलरच्या जुन्या डक्टला एसी जोडणे, किंवा एसीच्या डक्टला कूलर, या सल्ल्याच्या वाटेला जाऊ नका. कूलरला हवा किती तरी जास्त लागते आणि एसीला गळतीहीन, बंद, इन्सुलेशनचा मार्ग लागतो.

मग डक्ट बदलण्याऐवजी खोलीखोलीत स्प्लिट एसी का नको? तोही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पण विजेचे बिल दर महिन्याचे असते. जयपूरची कोरडी हवा कूलरला इतकी साथ देते की एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक घरांना एसी लागत नाही. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर हवा २६ अंशांच्या आसपास आणतो. जुलैत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तोच कूलर कशीबशी चार अंशांची घट देतो. त्यामुळे माझा सल्ला असा : डक्टचा कूलर ठेवा, आणि झोपण्याच्या एका खोलीत पावसाळ्यासाठी एक स्प्लिट लावा. तीन खोल्यांच्या डक्टपैकी एका खोलीचा फाटा त्यामुळे लहान करता येईल का, तेही बघा.

हवेला बाहेरची वाट

नव्या डक्टवर पैसे घालूनही 'गार होत नाही' ही तक्रार सगळ्यात जास्त मी कोकण-पुण्याकडून इथे आलेल्यांच्या घरांतून ऐकतो, आणि कारण जवळपास नेहमी एकच. खिडक्या बंद. एसीच्या सवयीने माणूस दारे-खिडक्या लावून बसतो; ओलसर हवा खोलीत कोंडते, डक्टमधून नवी हवा येऊ शकत नाही आणि तासाभरात अंग चिकचिकते. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंहांनी बांधवलेल्या हवामहालाला ९५३ लहान खिडक्या आहेत. आमेरच्या सुखनिवासातही पाण्याच्या पन्हाळीवरून येणारी झुळूक खोलीतून पुढे निघून जाईल अशीच रचना आहे. कूलरच्या प्रत्येक १,००० सीएफएममागे एक ते दोन चौरस फूट उघडी जागा लागते. आपल्या उदाहरणातल्या प्रत्येक खोलीला साधारण एक ते दीड चौरस फूट, म्हणजे जाळीसमोरच्या बाजूच्या खिडकीची एक झडप वीतभर उघडी. हा उपाय फुकट आहे, तेव्हा डक्ट बदलण्याचा निर्णय घेण्याआधी दोन दिवस हे करून बघा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी एवढेच : डक्ट भिंतीला आणि गच्चीला जोडलेला आहे, तो घराचा भाग. तो बदलण्याचा खर्च मालकाचा आणि पॅड-मोटारीची देखभाल तुमची, असे करारातच लिहून घ्या. मालक नाही म्हणाला तर पूर्ण डक्टच्या फंदात न पडता सांधे बुजवा आणि एक खिडकीचा कूलर घ्या. बदली झाली की तो सोबत नेता येतो.

वेळेचे म्हणाल तर होळीनंतर सगळ्या मिस्त्रींच्या वह्या भरलेल्या असतात आणि घासाघीस करायला जागा नसते. दिवाळी झाल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हेच लोक मोकळे असतात, माप घ्यायला दोनदा येतात, पत्रा तुमच्यासमोर कापतात. फक्त संक्रांतीच्या आठवड्यात बोलावू नका. त्या दिवसांत गच्ची त्यांना रिकामी मिळणार नाही.